परसों काढलेलं पोळं

हैदराबादेतली निम्मी सावली मी खाली उतरवली आहे. या शहरात कुठे फारच ऊन लागलं तर समजा, मी तिथून जाऊन आलोय. आबिड्सच्या मागच्या एका बंगल्यातला आंबा मी असा छाटला की पुढच्या साली त्याला कैऱ्या आल्या त्या थेट लोणच्याच्या फोडी होऊनच, मोहरी तेवढी घरची घालायची. लोक विश्वास ठेवत नाहीत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही ठेवला नव्हता. पाच-सहा वेळा सांगितल्यावर बसला.

धंदा झाडं छाटायचा. वाळक्या फांद्या उतरवायच्या, तारांत घुसलेल्या मागे घ्यायच्या, घरावर कललेलं झाड हलकं करायचं. बावीस वर्षं या धंद्यात माणसं दोनच होती. वर अन्ना, खाली मी. अन्ना तेलुगू, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, हाडं मोजून घ्यावीत असा. तो झाडावर चढत नसे, झाडच वाकून त्याला कडेवर घेई. त्याच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली येई आणि त्याचं टोक माझ्या हातात असे. आमचे आजोबा मराठवाड्यातून इथल्या गौलीगुड्यात आले तेव्हापासून आमच्या मराठीत दखनी आणि तेलुगू एवढी मुरली आहे, की पुण्याच्या माणसाला ती कळायला दुभाष्या लागतो. पण दोरावरची मराठी शुद्ध राहिली. अन्नाला तिचे तीन शब्द यायचे. धर म्हणजे दोर ताण. थांब म्हणजे थांब. सोड म्हणजे ढील दे. चौथा शब्द भाऊ, तो मी.

आणि एक रिवाज होता. करवतीला हात लावायच्या आधी मालकाबरोबर झाडाखाली बसायचं. चहा यायचा. अन्ना झाडाकडे बघायचा, मी मालकाकडे. मुंग्या कुठून चढतात, मागच्या वादळात काय पडलं, वर पोळं आहे का, होतं का; काढलं तरी माश्या त्याच फांदीवर परत बसतात. एका कपात माणूस झाडाची कुंडली सांगतो. दुसऱ्या कपात शेजाऱ्याचीही. मग काम. दिवसाला एकच झाड.

बायकोच्या धाकट्या भावाची कंपनीने पुण्याहून इथे बदली केली, आणि एका रविवारी जेवताना त्याने माझ्या धंद्याचा हिशोब लावला.

"भावोजी, तुम्ही दिवसाला एक झाड करता आणि अर्धा दिवस चहा पिता."

"अर्धा कुठला रे? पाऊण."

"हसू नका. मी तुम्हाला धंदा वाढवून देतो. आणि अजिबात ताण न घेता. तुम्ही फक्त झाडापाशी जायचं, बाकी सगळं तुमच्या मोबाइलवर येईल."

मुलगा मनापासून बोलत होता, हे आधीच सांगून ठेवतो. शनिवार-रविवार स्वतःचे घालून त्याने एक तक्ता केला. गिऱ्हाइकांचे फोन त्याला जाऊ लागले. चहावर मी जे जे विचारायचो ते सगळं त्याने माझ्याकडून काढून घेऊन तक्त्यात घातलं, मुंग्यांसकट. तो फोनवर विचारी आणि सुबक मराठीत उत्तरं भरी. आम्ही दिवसाला तीन झाडं करू लागलो. ताण खरंच नव्हता. डोकंच लागत नव्हतं.

आता तुम्हाला हैदराबादचा परसों सांगायला हवा. इथे कालच्या आधी जे जे झालं ते सगळं परसों. परसों माझं लग्न झालं म्हणणाऱ्याची मुलं कॉलेजात असतात. चारमिनार कधी बांधला विचाराल तर परसों म्हणणारे दोघे मला स्वतःला भेटलेत, आणि एकाने तर चुना कालवला होता.

दिलसुखनगरच्या मागच्या एका कॉलनीत मोठा रेन ट्री होता. त्याच्या मालकाने फोनवर सांगितलं असणार, 'मधमाखी का छत्ता था, परसों निकाल दिए.' आमच्या पुणेकराने तक्त्यात लिहिलं, 'वर आग्यामोहोळ होतं. परवा काढून घेतलं आहे.' शाळेत याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

माझा तर जन्म इथला. कानाने ऐकलं असतं तर हसून विचारलं असतं, परसों बोले तो कब? पण ते लिहिलेलं होतं. लिहिलेला परवा मला परवाच वाटला.

अन्नाने नेहमीसारखं झाडाखाली बूड टेकलं. "भाऊ, चाय?"

"नक्को अन्ना, अभी दो झाड बाकी हैं."

त्याने वर पाहिलं. रेन ट्रीचा शेंडा दाट, आत काही दिसत नव्हतं. "ऊपर माख्यां?"

"दो दिन पहले निकाल दिए," मी म्हणालो.

मी परसों म्हणालो असतो तर त्याने पुढचं विचारलं असतं. मी दो दिन पहले म्हणालो. तो चढला.

पुढचं मी चहाच्या टपरीवर सांगतो तसं असं आहे: माश्यांनी सूर्य झाकला, कॉलनीत लोकांनी दिवे लावले, एक माशी एवढी होती की तिच्या पाठीवर नंबर प्लेट. सलूनमध्ये सांगितलं तेव्हा चारशे माश्या होत्या, मेव्हण्याच्या गृहप्रवेशात चार हजार. आता किती झाल्यात ते मलाच ठाऊक नाही.

झालं ते एवढंच. वरून अन्नाचा आवाज आला, "सोड." ओरडला नाही. रोज म्हणायचा तसंच म्हणाला. मी वितभर सोडला. मग "सोड, सोड, सोड," आणि मी दोर धावू दिला. उतरवताना दोर मुठीतून वीत-वीत जायचा असतो. तो माझ्या तळहातांतून चाळीस फूट गेला, आणि शेवटच्या दहा फुटांत मी मूठ आवळली. माझ्या मानेवर, कानामागे माश्या बसल्या होत्या. मला काही वाटलं नाही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. खरोखरच काही वाटलं नाही. अन्ना जमिनीला लागला, मालक घरातून घोंगड्या घेऊन धावत आला, आम्ही त्याला गुंडाळून रिक्षात घातलं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. मी त्याच्या चपला शोधत बसलो होतो, त्या त्याच्या पायातच होत्या.

दवाखान्यात मालक माझ्या शेजारी बाकावर बसला. भला माणूस, रडवेला झालेला. "मैं तो फोन पे बोला था भाई, परसों निकाले थे."

"परसों बोले तो कब?"

त्याने बोटांवर मोजत आठवलं. "कोरोना के पहले."

अन्ना वाचला. पाच दिवसांनी घरी गेला. माझ्या तळहातांची साल नवी आली, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, येईल संवेदना परत, किंवा नाही येणार. धंदा बंद ठेवला. मेव्हणा आला आणि दारातच उभा राहिला.

"भावोजी, माझं चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही. भाषांतर बरोबर होतं."

बायको विचारायची, "दुखतंय का?" नाही म्हटलं की, "मग बोलत का नाही?" म्हणायची. मी बोलतच होतो. टपरीवर, सलूनमध्ये, भाजीवाल्यापाशी. माश्या वाढवत होतो. घरी सांगण्यासारखं एकच होतं: अन्ना परत चढला नाही तर हा धंदा संपला. आणि चढावं असं त्याला सांगायचं तोंड मला नव्हतं.

महिन्याने त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला मी वदिना म्हणतो, तेलुगूत वहिनी. तिने चहा ठेवला. अन्नाची सूज उतरली होती, एक पापणी तेवढी खाली राहिली होती. तक्त्यातलं परवा, माझं दो दिन पहले, मी सगळं सांगितलं. माश्या एकदाही वाढवल्या नाहीत. तो ऐकत होता. मग मी विचारलं.

"फिरसे चढते ना, अन्ना?"

"सोड, भाऊ," तो म्हणाला.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. हातात दोर नव्हता. सोडचा हा दुसरा अर्थ मी त्याला बावीस वर्षांत शिकवला नव्हता. तो त्याने कुठून उचलला, की त्याला फक्त ढीलच हवी होती, मला कळलं नाही. विचारलंही नाही. त्या क्षणी काहीतरी वाटायला हवं होतं. वदिना म्हणाली, "चाय ठंडी होरी." मी प्यालो.

पुढच्या आठवड्यात तो आपणहून आला. चढला मात्र नाही, आजवर नाही. "दोर मैं पकडता," म्हणाला. ते बरंच झालं. दोर मुठीत किती ढिला आहे हे माझ्या दोन बोटांना कळत नाही. चढायला एक माणूस ठेवला, त्याला अन्नाने तीन महिने एका कडुलिंबाच्या खालच्या फांदीवरच बसवून ठेवलं. मग दुसरा आला. दोघांनाही तीन मराठी शब्द शिकवले गेले. दोनाचे चार झालो, दीड वर्षात; धंदा वाढला म्हणायला हरकत नाही. मेव्हणा अजून फोन घेतो, पण त्याने आता एकच वाक्य बोलायचं: "भावोजी येऊन बघतील." दिवसाला एक झाड.

परवाच, म्हणजे पुणेरी परवा, एका निवृत्त साहेबांच्या पिंपळाखाली बसलो होतो. चहा झाला. वर पोळं आहे का, मी विचारलं.

"था. परसों निकाल दिए."

अन्नाने कप खाली ठेवला. "परसों बोले तो कब, साब?"

"अरे परसों मियाँ, बच्ची की शादी में. मंडप डालना था ना."

"मुबारक," अन्ना म्हणाला. "बच्ची कू बच्चे कित्ते?"

"माशाअल्ला, दो. बडावाला तीसरी में है."

चढणारे दोघे कमरेचे पट्टे बांधून उभे होते. अन्नाने त्यांना हात केला, त्यांनी पट्टे सोडले. साहेबांना आम्ही म्हटलं, आधी पोळंवाल्याला बोलवा, आम्ही नंतर येतो. कधी, त्यांनी विचारलं.

अन्नाने दोर कोपरावर गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्याकडे केला.

"धर," म्हणाला.

मी बघून धरला.