तिनं न पाहिलेलं हैदराबाद

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. लग्नाच्या दिवसापासून जी बाई सवतीला गळ्यात घालून फिरली, तिला तुम्ही भुताची काय भीती दाखवणार! या ग्रुपवर तुम्ही लोक पिंपळ, विहिरी, घाटातली पांढऱ्या साडीची बाई असलं लिहिता, ते माझी नात मला वाचून दाखवते आणि आम्ही दोघी हसतो. पण परवा ती म्हणाली, आजी, तुझं ते हैदराबादचं सांग ना लोकांना... म्हणून हे. मी सांगते, ती टाइप करते. चुकलंमाकलं तर तिचं.

आमचं गाव वसमत. आता हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा निजामाच्या राज्यात परभणीकडे होतं. पोलीस ॲक्शनच्या थोडी आधीची ही गोष्ट. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. हे वसमतच्या शाळेत मास्तर होते आणि मी त्यांची दुसरी बायको. पहिली हैदराबादला वारली. हे तिथं शिकायला होते तेव्हा तिलाही बरोबर नेलं होतं. सुलतान बाजारात एका खोलीत दोघं राहायचे, तिथंच तापानं ती गेली. मला लग्नात एवढंच सांगितलं होतं.

आजच्या मुलींना माहीत नसेल. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात तेव्हा सवतीचा टाक असायचा. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. सकाळी कुंकू आधी टाकाला, मग मला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. सणावारी पहिला घास त्याच्यापुढं. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, या बाबतीत फार कडक. एकदा घाईघाईत मी आधी स्वतःला कुंकू लावलं तर म्हणाल्या, "तिचा मान हाय तो. तू मागून आलीस." मागून आलीस! त्या घरात भाकरीपेक्षा हे वाक्यच मी जास्त खाल्लं.

बरं, मान घे बाई तुझा. पण माणूस तरी माझा असावा ना? हे घरात फारसं बोलायचे नाहीत. चारचौघांत बायकोशी बोलायची रीतच नव्हती. पण हैदराबादचा विषय निघाला की ह्यांचा चेहराच बदलायचा. ओट्यावर माणसं जमली की सुरू... चारमिनार असा, लाड बाजार तसा, संध्याकाळी मुसीच्या पुलावरून चालत गेलं की गार वारा कसा येतो. मी आत चुलीपुढं बसून ऐकायची आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. कारण त्या प्रत्येक वाक्यात मला ती दिसायची. पुलावर वारा खात उभी असलेली ती. लाड बाजारात बांगड्यांसाठी हात पुढं करून बसलेली ती. आणि मी काय पाहिलं होतं? वसमत, जवळा बाजारचं माहेर आणि मधला बैलगाडीचा रस्ता.

एके वर्षी शाळेच्या कामासाठी ह्यांना हैदराबादला जायचं निघालं. मी हट्ट धरला, मलाही न्या. काचीगुड्याला ह्यांचा एक मित्र राहायचा, त्याच्याकडे उतरता येणार होतं. हे तयार झाले. मग परसात धुणं वाळत घालताना मी अट घातली.

"मला गाव दाखवायचं. चालत. एक पुरा दिवस. तुमी अन् मी, तिसरं कुणी न्हाई. तुमच्या मित्राची बायकोबी संगं नको."

"बरं."

"अन् जिथं तिला नेलं तिथं मला न्यायचं न्हाई. तिनं न पाहिलेलंच दाखवायचं. बोळ दाखवा, नाला दाखवा, चालंल मला. पण ते माझं पायजे."

हे म्हणाले, "तिनं न पाहिलेलंच. बराबर."

नात सांगते, आता असे टूर मिळतात म्हणे. तुम्हाला हवं तसं शहर, फक्त तुमच्यासाठी, कुणीतरी पायी फिरवून दाखवतं आणि त्याचे पैसे घेतं. घ्या! मी तो तेव्हाच मागून घेतला होता, फुकट.

निघायच्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. गळ्यातला टाक काढला आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागं ठेवून दिला. आत्याबाईंना दिसू नये म्हणून पदर गळ्याभोवती घट्ट घेतला. मला एकच दिवस हवा होता, तिला वगळून. वसमतच्या स्टेशनवर गाडीत बसले तेव्हा गळा इतका हलका वाटत होता की गाणं म्हणावंसं वाटलं. पूर्णेला गाडी बदलली, काचीगुड्याला उतरलो, ह्यांनी आपलं काम उरकलं... आणि माझा दिवस आला.

सकाळी निघालो. हे पुढं, मी चार पावलं मागं, उजव्या अंगाला. तेव्हा नवरा-बायको असेच चालायचे. पुतळीबावली, अफजलगंज करत मुसीच्या पुलाशी आलो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हाच तो पूल! पण म्हटलं, पलीकडं जायचं तर पूल ओलांडावाच लागणार, यात ह्यांचा काय दोष. पत्थरगट्टीच्या कमानी लागल्या. दगडी दुकानं, अत्तराचा वास, टांगेवाल्यांचा ओरडा. आणि समोर पाहते तर काय...

"हा तर चारमिनार!" मी म्हणाले.

"व्हय. तिनं न पाहिलेला."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. या शहरात संसार केलेल्या बाईनं चारमिनार पाहिला नाही? मला काय दुधखुळी समजलात? पण भर रस्त्यात भांडायचं कसं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आता दिवसभर एक शब्द बोलणार नाही, कळू दे ह्यांना.

ह्यांना कळलंच नाही. हे तर रंगात आले होते. घरी चार शब्द न बोलणारा माणूस, त्याची तिथं नुसती टकळी सुरू. "अगं, या मिनारीत आतून पायऱ्या हायेत." जरा थांबून, "व्हय, बायांनाबी जाता येतं. पण नगं, तुला दम लागंल." दम? मला? मी विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणारी! मी आणखीनच पेटले. मग मक्का मशिदीच्या अंगणातली कबुतरं. "न्हाई, कुणी पाळलेली न्हाईत, आपली आपण येतात." मग मोत्यांची दुकानं. "खरेच असतात की, समुद्रातले." सगळं डाव्या खांद्यावरून मागं बघत बोलायचे. मी चालत होते उजवीकडं. मला वाटलं, शब्द मोडलाय, आता माझ्याकडे बघायची लाज वाटत असेल.

मग लाड बाजार. तोही चुकवला नाही! एका म्हाताऱ्या मनिहारणीच्या, म्हणजे कासारणीच्या, दुकानात ह्यांनी मला बसवलं. मी तोंड फिरवून हात पुढं केला. तिनं लाखेच्या लाल बांगड्या काढल्या, आणि भरता भरता माझ्या खांद्यामागं बघून म्हणाली, "तुमे जरा बैठो बीबी. पैले इनकू पिनातूं, फिर तुमना."

मला वाटलं, मागं दुसरं गिऱ्हाईक आलं असेल, त्याला ती सांगतेय की आधी हिला भरते, मग तुला. मी वळून बघितलं नाही. राग आला की मी वळून बघत नाही, आजही नाही. माझ्या बांगड्या भरून झाल्यावर मी उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. हे मागून आले तेव्हा ह्यांच्या हातात एक कागदाचा पुडा होता. तो माझ्याकडे देऊन हसले. मी तो न उघडता पिशवीत कोंबला.

परतीच्या गाडीत, निजामाबाद मागं पडल्यावर, हे म्हणाले, "लई बरं वाटलं बघ. घरी तू बोलतच न्हाईस. अन् तिथं लेकरासारखी सारखी विचारून राहिली होतीस, हे काय अन् ते काय. काहून इतकं विचारते म्हणलं... पण बरं वाटलं."

"मी? चारमिनारपासून मी तोंड उघडलं न्हाई. रुसले होते मी तुमच्यावर."

"काहून?"

"तिनं पाहिलेलंच मला दाखवलं म्हणून."

ह्यांचा चेहरा उतरला. खिडकीबाहेर बघत ह्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती हैदराबादला उतरली तीच अंगात ताप घेऊन. खोलीतून बाहेर पडली ती फक्त दवाखान्यात जायला, पडदा लावलेल्या टांग्यातून. चार पायऱ्या चढली तरी तिला दम लागायचा. रोज हे घरी आले की विचारायची, आज बाहेर काय पाहिलंत? आणि हे सांगायचे. चारमिनार असा, लाड बाजार तसा, पुलावर वारा कसा येतो. रोज म्हणायचे, बरी झालीस की चालत दाखवीन सगळं.

"ओट्यावर मी जे सांगतो ना, ते तिला सांगायचो तेच. तसंच तोंडात बसलंय," हे म्हणाले. "तिनं न पाहिलेलं म्हणजे सगळंच हैदराबाद की गं."

मग मीच विचारलं, "अन् आवाज? माझा होता?"

ह्यांनी खूप आठवून पाहिलं. "मागं बघितलं की उन्हात पदर दिसायचा नुसता. मी 'अगं' म्हणलं की तू 'व्हय' म्हणायचीस. तुझाच असंल ना? दुसरं कोण?"

आता बघा. तेव्हा नवरे बायकोला नावानं हाक मारत नसत. अगं. संपलं. नाव घेतलं असतं तर एकीलाच लागलं असतं. 'अगं'ला कुणीही 'व्हय' म्हणू शकतं.

मी पिशवीतून तो पुडा काढला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, बारीक. "तूच म्हणालीस ना, मला हिरव्या पायजेत," हे म्हणाले, पण आता त्यांचाही आवाज पडला होता. मी घालून पाहिल्या. माझ्या मुठीवरून पुढं जाईनात.

घरी आल्यावर आत्याबाईंनी त्या हातात घेतल्या आणि लगेच म्हणाल्या, "ह्या कुठून आणल्या? ह्या तर तिच्या मापाच्या." मग त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. "टाक कुठंय?"

मी अन्नपूर्णेच्या मागून काढून दिला. होता तिथंच होता. मी तिखटमीठ लावून सांगणार नाही, टाक हलला नव्हता, त्याला शहराची धूळबीळ काही लागली नव्हती. पण मला वाटलं होतं आत्याबाई ओरडतील, तर त्या मटकन खाली बसल्या.

"पोरी, टाक काय नुसता मानापायी घालतात व्हय? तिला तुझ्यापाशी ठेवायला घालतात. तुझ्यापाशी असली म्हंजी ती त्याच्यापाशी न्हाई. तू तिला सोडून गेलीस... मोकळी झाली ती."

हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? दुसरेपणावर दिलं, टाक गळ्यात अडकवला, तो कशासाठी ते मात्र सांगितलं नाही!

माझा मुलगा म्हणायचा, बाबांना तिची आठवण आली असेल, मनाचे खेळ असतात. असतील. मग मनिहारीण कुणाला 'बैठो' म्हणाली? तिनं न मोजता त्याच मापाच्या बांगड्या कशा दिल्या? इतकी वर्षं डोकं खाजवलं, मला याचं उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर सांगा.

नात विचारते, आजी, तुला तिची दया नाही आली? आली. थोडी. एका खोलीत पडून शहर नुसतं ऐकत मेली बिचारी. पण खोटं कशाला बोलू, राग जास्त आला. जन्मात एकच दिवस मागून घेतला होता मी, तोही तिनं घेतला आणि मी मागं मागं रुसून चालत राहिले. आणि सगळ्यात जास्त काय डाचतं सांगू? "पैले इनकू." त्या एका दुकानात पहिला मान माझा होता, ती मागं थांबली होती. तिचं तोंड बघायला मी मान वळवली नाही.

हे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मंगळसूत्र उतरलं त्याच दिवशी टाकही उतरला. तो आणि त्या हिरव्या बांगड्या एका डबीत आहेत. नातीच्याही हातात जात नाहीत, तिनं परवा घालून पाहिल्या. आत्याबाईंचं खरं मानलं तर ती आता मोकळीच आहे, आणि हेही. एव्हाना ह्यांनी तिला तिकडचं सगळं गाव पायी दाखवून आणलं असेल, डाव्या खांद्यावरून बोलत. नात म्हणते, बरं वाटायला पाहिजे तुला. मला मुळीच बरं वाटत नाही.

पण माझी वेळ जवळ आली आहे आणि मी एक ठरवून ठेवलंय. हे घ्यायला येतील, 'अगं' म्हणतील. या खेपेला मी रुसून बसणार नाही. तिच्या आधी मीच 'व्हय' म्हणणार.