दर्ग्यातली फाटकी पुस्तकं

त्रेचाळीस सालचा मे महिना. सांगलीजवळच्या एका दर्ग्यातल्या जुन्या ग्रंथालयाची फाटकी फारसी पुस्तकं चाळीस रुपयांना विकायचं चाललं होतं. हजर तिघे: माधवनगरचे रद्दीचे व्यापारी, त्यांचा हिशेबनीस मी, आणि आजोबांपासून पुस्तकं सांभाळणाऱ्या घरातला एक म्हातारा. लढाईमुळे कागद महागला होता. ग्रंथालयाचं छप्पर गळत होतं आणि ते शाकारायला पैसे नव्हते.

म्हातारा वाळवी लागलेलं एकेक पान दोन्ही हातांनी उचलायचा, फुंकर घालून पांढऱ्या कापडावर ठेवायचा.

"चाचा, देवाचं नाव असलेली पानं तुम्ही पुरता, ती काढून घ्या. बाकीची द्या," व्यापारी म्हणाले.

"शेट, मला फारसी वाचता येत न्हाई. नाव कुठल्या पानावर हाय, कसं कळावं? म्हणून समदीच पुरायची."

"आणि छप्पर?"

"गळंल की. औंदाबी घमेली मांडू."

त्याने कापडाला गाठ मारली. आम्ही दोघं त्याच्या मागून कबरस्तानापर्यंत गेलो.

चाळीस रुपये व्यापाऱ्यांच्या खिशातच राहिले. खड्डा खणणाऱ्याला दोन रुपये मिळाले, ते म्हाताऱ्याने कनवटीचे काढून दिले.