कर्दळीचे कंद

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरासमोर, फाटकापासून पायरीपर्यंत, दोन हात रुंदीची मातीची पट्टी आहे. तिथं बाग फुलवायची मला भारी हौस. उन्हाळ्याच्या तोंडावर मी नर्सरीतून कलमी गुलाब आणि पिटुनिया आणले, तेही ऐपतीबाहेर जाऊन. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. वैशाखात सगळ्यांनी माना टाकल्या.

त्याच सुमारास सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लासूर स्टेशनजवळच्या गावाहून आल्या. सासरे गेल्यापासून तिकडे एकट्याच होत्या. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं असं मला मनापासून वाटायचं. पण त्यांची पिशवी सदा भरलेली, आणि "गुडघा बरा झाला की जाते" हे पालुपद चालूच. शहरात दिवसभर करायचं काय, हा त्यांचा प्रश्न.

वाळलेल्या गुलाबांकडे बघून त्या एकदाच बोलल्या. "पोरी, लई नाजूक झाडं आणली तू. आपल्याकडं पाणी किती, ते बघून झाड आणावं."

आषाढ लागला तशा त्या सकाळी काठी टेकत गल्लीत जाऊ लागल्या. प्रत्येक फाटकाशी थांबायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि फांदी मागायची. सदाफुली, कोरांटी, गोकर्णीच्या शेंगा, गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी, सगळं पदरात बांधून यायचं. दाराला दसऱ्यापासून लटकलेल्या वाळक्या तोरणातले झेंडूही त्यांनी मातीत चुरले. तांदळाचं धुवण आता मोरीत जाईना, पट्टीत जाऊ लागलं. पंधरा-वीस दिवसांत तिथं हिरवं दिसायला लागलं आणि मी थक्क झाले. दहा वर्षं या गल्लीत राहून तिसऱ्या घरात कोण राहतं हे मला माहीत नव्हतं. यांना तिथल्या सुनेचं माहेरसुद्धा ठाऊक.

आणि मी काय केलं? ऑफिसातली, आमच्याच भागात राहणारी एक जण हसत म्हणाली, "तुमच्या सासूबाई दारोदार फिरताना दिसतात हो!" मला झोंबलं. घरी आल्या आल्या बोलून गेले, "आई, असं मागत नका फिरू. बरं दिसत नाही. काय हवं ते मी विकत आणते."

त्या फक्त "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काठी कोपऱ्यातच. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "रविवारी मला गाडीत बसवून दे."

माझी मलाच लाज वाटली. शनिवारी सकाळी मी स्वतःच गल्लीत निघाले. कोपऱ्यावरच्या घरी जास्वंदीची फांदी मागायची असं ठरवलं होतं, पण फाटकाशी उभी राहिले आणि जीभ उचलेना. मागणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. तेवढ्यात घरातल्या बाई बाहेर आल्या. "आजी बऱ्या आहेत ना? दोन दिवस झाले, वाट बघतेय. त्यांच्यासाठी कर्दळीचे कंद काढून ठेवलेत."

चिखलाने माखलेले ते कंद मी ओंजळीत घरी आणले आणि सासूबाईंपुढे ठेवले. "आई, चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एक कंद उचलून नखानं खरवडला.

"मागून आणले?"

"नाही. तुमच्यासाठी काढून ठेवले होते त्यांनी."

त्यांनी कंद उलटून त्याचा कोंब चाचपला. मग म्हणाल्या, "मोरीचं पाणी जातं तिथं लावावं लागंल ह्याला."

"फूल कधी येईल?"

"दोन-अडीच महिनं. रोज बघावं लागतं. तुझं हापिस, तुला जमायचं नाय."

काठी टेकत त्या उठल्या आणि पायरीपाशी थांबल्या.

"खुरपं आण. अन् माझी पिशवी रिकामी कर. सकाळी गल्लीत न्यायला पायजे."