एर्मिंदाची किटली

एर्मिंदा ओयार्सोच्या चुलीवरची किटली डोंगरातल्या कोयाइके गावात कुणी थंड पाहिली नव्हती. लोखंडी चूल, पोटात लाकडं, वर काळी ठिक्कर किटली. पाहुणा दारात आला की वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात येर्बाच्या, म्हणजे इकडच्या चहाच्या, पाल्यावर गरम पाणी ओतायचं, ओढायच्या नळीसकट तो भोपळा त्याच्या हातात द्यायचा, मग पुढचं बोलणं. पाणी उकळू मात्र द्यायचं नाही. उकळतं ओतलं की पाला करपतो आणि पाहुणा समजतो, या घराला आपण नकोसे झालो. म्हणून किटली चुलीच्या कडेला, नुसती गुणगुणत. सकाळीही पाणी तयार मिळावं म्हणून एर्मिंदा निजताना एक ओलसर ओंडका आत सारायची आणि हवेची झडप घट्ट लावायची. ओंडका धुमसत राहायचा. तिची आई असंच करायची, सासूही. धूर कुठे जातो, हे तिघींपैकी एकीनेही कधी विचारलं नाही.

परसातली खोली त्या वर्षी युसमारीने भाड्याने घेतली. बरोबर लेक, अनाईस, अजून शाळेत न जाणारी. युसमारी दूर उत्तरेकडच्या, उष्ण माराकाइबो शहरातली. तिकडे घामाच्या धारा आणि गॅस नळाने घरात, जवळपास फुकट. काडी वाचावी म्हणून शेगडी दिवसभर जळत ठेवायचे म्हणे. इथे आल्यावर तीच बाई सिलिंडरला सोन्यासारखं जपायला लागली. कपभर कॉफीला कपभरच पाणी, वर झाकण, उकळी फुटली की लगेच गॅस बंद.

“एका कपासाठी पेटवायचं नि विझवायचं!” एर्मिंदा हसायची. “पोरी, तुमच्याकडे पाहुणे येतच नाहीत का गं?”

“येतात की, दोन्या एर्मिंदा. त्यांना आम्ही बर्फाचं पाणी देतो.” ‘दोन्या’ म्हणजे वडीलधारीला मानाने ‘बाई’.

हिवाळा आला तशी अनाईसची छाती घरघरायला लागली. दवाखान्यातल्या नर्सने वाफ द्यायला सांगितलं. पण खोलीत विजेची किटली लावली की फ्यूज उडायचा, आणि सिलिंडर तर संपत आलेला. मग युसमारी रोज संध्याकाळी थर्मास घेऊन यायला लागली. एर्मिंदाला कोण आनंद! ती किटली कडेवरून मधोमध ओढायची, आणखी दोन लाकडं घालायची, खळखळून आधण आणायची.

“घे, उकळतं घे. माझ्या घरी पाण्याला तोटा नाही.”

“देव तुमचं भलं करो,” युसमारी म्हणायची आणि खाली मान घालून जायची.

वारा पडला की कोयाइकेच्या खोऱ्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, साऱ्या चुलींचा धूर खालीच कोंडतो. अशाच एका दिवशी रेडिओवर इशारा आला. एर्मिंदाचा नवरा रुपेर्तो नळी तोंडातून न काढताच म्हणाला, “म्हातारे, आज लाकडाच्या चुली पेटवू नका म्हणतायत.”

“मग त्या लेकराच्या वाफेला पाणी काय रेडिओवाला आणून देणाराय?”

रुपेर्तोने रिकामा भोपळा तिच्यापुढे केला. त्यालाही गरम येर्बा हवीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं आणायला ती परसात गेली आणि उभीच राहिली. तिच्या धुराड्यातला धूर वर चढतच नव्हता. छपरावरून घसरत खाली येत होता, परस ओलांडत होता आणि थेट युसमारीच्या खिडकीवर जाऊन बसत होता. खिडकीच्या फटीत कोंबलेला टॉवेल काळा पडला होता. आतून पोरीचा खोकला ऐकू येत होता. वाफेसाठी आपण जितकं जास्त जाळतो, तितकी ती पोर जास्त घुसमटते, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नव्हती.

तरी त्या रात्री तिने ओंडका सारलाच. “उद्यापासून बंद,” ती पुटपुटली.

“काय बंद?” रुपेर्तोने विचारलं.

“काही नाही. झोपा तुम्ही.”

आणि तिने झडप लावली. हात तिचाच होता, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

पहाटे अनाईसला इस्पितळात नेलं. एर्मिंदाने चुलीतले निखारे बादलीत काढले, वर पाणी ओतलं. घर गारठलं. रुपेर्तो हात चोळत आला, थंड किटलीला बोट लावून दचकला.

“घरात मयत झालंय का कुणाचं?”

“होता होता राहावं, एवढंच म्हणा,” ती म्हणाली आणि चोरी पकडली गेल्यासारखी रडली.

पोर वाचली. घरी आली त्याच संध्याकाळी युसमारी थर्मास घेऊन दारात उभी. एर्मिंदाला तिच्या डोळ्यांत बघवेना.

“आज चुलीवर पाणी नाही, पोरी. पुन्हा कधीच नसेल. तो धूर माझा होता. मला दिसलं, तरी त्या रात्री मी झडप लावली. तुझ्या लेकीचा जीव जात होता तो माझ्यामुळे.”

युसमारी थर्मासचं झाकण नुसतं फिरवत राहिली.

“तुमचं धुराडं माझ्या खिडकीसमोरच आहे, दोन्या एर्मिंदा. मला पहिल्यापासून माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस गं? भांडायचंस, दगड मारायचास!”

“भांडले असते, तर वाफेला पाणी कुणाकडे मागितलं असतं?”

एर्मिंदाने थर्मास तिच्या हातातून घेतला. उन्हाळ्यापुरती ठेवलेली गॅसची शेगडी पेटवली, थर्मासभर पाणी मोजून पातेल्यात ओतलं, वर झाकण ठेवलं. उकळी फुटेपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. दारात आलेल्या माणसाला “येर्बा घेतेस का” एवढंही विचारायची एर्मिंदाची छाती झाली नाही.