साइड संपली नाय

पडेगावातल्या आमच्या कॉलनीचे तमाम रहिवासी, त्यांचे पाहुणेरावळे आणि सकाळचा दूधवाला, या सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की टेपवर कॅसेटची एक बाजू सुरू झाल्यानंतर ती संपेपर्यंत कुणीही जागेवरून उठायचं नाही, बशीवर कप वाजवायचा नाही आणि 'पुढचं गाणं लावा' हे शब्द तर चुकूनही उच्चारायचे नाहीत. हुकूम मोडणाऱ्याला एक उंचावलेला तळहात दाखवण्यात येईल. शिक्षा एवढीच. पण ती भोगलेला माणूस पुन्हा उठत नसे. मी स्वतः अनेकदा भोगली आहे, एकदा तर पायाला मुंग्या आलेल्या असताना.

"बसा साहेब," तो म्हणायचा. "साइड संपली नाय अजून."

तो माझ्या समोरच्या घरात राहायचा. वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एकाच बसनं जायचो. मी स्टोअरमध्ये, तो प्रेस शॉपमध्ये. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, धाड, तुकडा खाली. दिवसभर हेच. कॉलनीत त्याला 'प्रेसवाले' म्हणत. नवीन राहायला आलेले लोक त्याला पत्रकार समजून नळाला पाणी येत नसल्याचे अर्ज घेऊन त्याच्याकडे यायचे. तो अर्ज वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "छापतो. पण पत्र्यावर."

असा माणूस रविवारी सकाळी काय ऐकत असेल, तुम्ही सांगा. मूळ पिशोरचा, घरी शेती, कपाळाला बुक्का. तुम्ही जे म्हणाल ते चूक. तो अमेरिकेतलं जुनं रॅप ऐकायचा. नव्वदच्या आसपासचं, तिकडच्या गल्ल्यांमधल्या पोरांनी म्हटलेलं. इंग्रजी त्याला कारखान्याच्या गेटवरच्या पाटीपुरतं येत होतं.

"यात गाणं कुठं आहे?" मी विचारायचो. माझा पिंड नाट्यगीतांचा. "हा माणूस नुसता चिडून बोलतोय."

"चिडला नाय. हजेरी देतोय. मी हितं हाय म्हणतोय." मग तो मांडीवर ठोका धरायचा. "आपल्या मशीनसारखं हाय बघा. धाड. धाड-टक. माणूस कितीबी बोलू दे, खाली ठोका हलत नाय."

हे वेड त्याला हनीफनं लावलं. हनीफ त्याच्या शेजारच्या प्रेसवर होता. हनीफचा मामेभाऊ जेद्दाहला नोकरीला, तो कॅसेटी पाठवायचा. हनीफनं त्यातली निवडक गाणी एका कोऱ्या कॅसेटवर उतरवली आणि दोन गाण्यांच्या मधल्या जागेत स्वतःच्या आवाजात अर्थ भरला, आपल्या गुलमंडीच्या बोलीत. "सुन मियाँ, ये बोल रा के पुलिस गल्ली में है और अम्मा दरवाजे में. अब घरकू जाऊँ तो कैसा जाऊँ?" की लगेच गाणं. पुढच्या एका गाण्याआधी हनीफचा खोकला, आणि मग, "इसका मतलब मेरेकू भी नै समझा. तू ठोका सुन." या वाक्याला आमचा प्रेसवाला दर रविवारी हसायचा. इतक्या वर्षांनंतरही, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. वाक्य येण्याआधी बोट वर करायचा, "आता बोलतो बघा," आणि वाक्य झालं की, "बोलला!"

त्याच्याकडे वीसेक कॅसेटी होत्या. नवी कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या ज्या दोन बारक्या टिकल्या असतात, त्या स्क्रूड्रायव्हरनं उडवायच्या. याला तो 'कान तोडणं' म्हणायचा. "कान तोडले की रेकॉर्डचं बटण दबत नाय. मग कुणाचा बाप आला तरी वरून दुसरं भरता येत नाय." सगळ्या कॅसेटींचे कान तोडलेले. फक्त हनीफच्या कॅसेटीचे शाबूत. तिच्यावर नावही लिहिलेलं नव्हतं.

"हिला का सोडली?"

"हनीफला अजून भरायचंय. तो म्हनंल तवा तोडू."

हनीफ काही म्हणाला नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो घाटी दवाखान्यात दाखल झाला आणि आठव्या दिवशी गेला. मातीला चार माणसांना परवानगी होती, त्यात याचा नंबर लागला नाही. त्या आठवड्यात तो कॉलनीच्या गेटपर्यंत जायचा आणि परत यायचा. गेट बंद होतं. रविवारी टेप लावला. बोट वर केलं, हनीफ बोलला, पण 'बोलला' म्हणायला तो विसरला.

आता एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. माझ्या सोयीची नाही, पण सांगतो. प्रेस शॉपच्या कामगारांना कानात घालायचे बोळे स्टोअरमधून मिळायचे. ते मी द्यायचो आणि रजिस्टरवर सही घ्यायचो. तो सही करायचा आणि बोळे खिशात टाकायचा. मला दिसायचं.

"घालत का नाहीस?"

"घातले तर डायचा आवाज कळत नाय साहेब." साच्याला आम्ही डाय म्हणतो. "डाय फुटायच्या आधी आवाज बदलतो. तो नाय ऐकला तर बोटं जात्यात. कान का बोटं, तुमीच सांगा."

मी काही सांगितलं नाही. रजिस्टरवर सही होती, माझं काम पूर्ण होतं. एकवीस वर्षं मी त्याच्या सह्या घेतल्या. तो निवृत्त झाला तेव्हा त्याची दहाही बोटं जागेवर होती, आणि त्याला दारावरची बेल ऐकू येत नव्हती. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यातून सगळं जग पत्र्याच्या डब्यात बसून बोलतंय असं त्याला वाटायचं.

रविवार मात्र चुकला नाही. टेपच्या स्पीकरवर उजवा तळहात ठेवून तो डोळे मिटून बसायचा. बोट मात्र नेमक्या जागी वर व्हायचं. "आता बोलतो बघा."

त्याची एकुलती एक मुलगी ऋतुजा. कॉलेजात शिकायची आणि रॅप करायची. आमच्या कॉलनीत एक मुलगी मराठीत, दखनीत, मधेच हिंदीत रॅप करते, आणि तिचा बाप तीस वर्षं रॅप ऐकतोय. घरात कसा आनंद नांदत असेल असं तुम्हाला वाटेल. रोज भांडण!

"पप्पा, तुमचं ते किती स्लो आहे! झोप येते. धप, टक, धप, टक. पाच मिनिटं तेच."

"आणि तुमचं? धप हायच कुठं? नुसतं टकटकटकटक, टायपिंगच्या क्लासला गेल्यावानी. श्वास कुठं घेती तू?"

"श्वास घ्यायला टाइम नाय आता, पप्पा. पंधरा सेकंदांत पकडलं नाय, तर समोरचा पुढं जातो."

"जाऊ दे की. जो पुढं जातो त्याच्यासाठी गायचंच कशाला?"

ती माझ्याकडे बघायची. "काका, तुम्ही सांगा ना यांना."

मी दोघांनाही नाट्यगीत ऐकण्याचा सल्ला द्यायचो. त्या एका मुद्द्यावर बापलेकीचं एकमत व्हायचं.

एकदा आमच्या घरी साखर मागायला आली आणि ओट्याजवळच उभी राहिली. हळूच म्हणाली, "काका, पप्पांचे कान पूर्ण जायच्या आधी एकदा माझं ऐकावं त्यांनी. पूर्ण. मोबाइलवर लावलं की म्हणतात, यात काय येतंय, यात फक्त घंटी येते." मी म्हटलं, त्याला टेपमधून येतं तेवढंच खरं वाटतं गं. मी हे सहज बोललो. सहज बोलायची मला खोड आहे.

पुढच्याच आठवड्यात ती दुपारी माझ्या दारात आली. चेहरा फुललेला. वाढदिवसाची भेट म्हणून तिनं बापासाठी स्वतःचं गाणं टेपवर भरलं होतं. कोरी कॅसेट शोधत ती अख्खी गुलमंडी फिरली. एका दुकानदारानं, "बेटा, ये तो अब म्यूजियम में पूछो," असं सांगितलं. शेवटी तिनं घरातल्याच कॅसेटी एकेक करून टेपमध्ये घातल्या. कुठल्याच कॅसेटीवर रेकॉर्डचं बटण दबेना. एकीवर दबलं. तिच्यावर नावही नव्हतं.

"म्हटलं कोरीच असणार," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून कॅसेट घेतली. दोन्ही कान शाबूत.

आम्ही तिच्या घरी जाऊन ती लावली. आधी मोबाइलवरचा ठोका, मग तिचा आवाज, भरधाव. मधे एका ओळीवर ती अडखळते, "शिट, सॉरी पप्पा," म्हणून हसते आणि ओळ पुन्हा घेते. पुढं परत अडखळते. गाणं संपतं. टेप बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे पुढं बाजू संपेपर्यंत नुसतं घर. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, वहिनींची हाक, "ऋतू, गॅस बंद कर गं." हनीफ कुठंच नाही. पोलीस, अम्मा, दरवाजा, खोकला, काहीच नाही. कॅसेट उलटी करून पाहिली. दुसरी बाजू पहिल्यापासूनच रिकामी होती.

हीच ती हनीफची कॅसेट, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, "सांगते मी पप्पांना."

आणि मी, शहाणा माणूस, म्हणालो, "सांगू नकोस. त्याला आता ऐकू येतंय कुठं? तळहाताला काय कळणार? आहे त्या जागी ठेवून दे."

लोकांच्या न सांगितलेल्या गोष्टींवर सही घ्यायची मला जुनी सवय होती, ती अशी कामाला आली.

रविवार उजाडला. मी नेहमीच्या खुर्चीत, वहिनी भाजी निवडत, ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात. त्यानं कॅसेट घातली, बटण दाबलं, तळहात स्पीकरवर ठेवला, डोळे मिटले. खोलीत ऋतुजाचा आवाज भरून राहिला. वहिनींनी चमकून लेकीकडे पाहिलं, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हनीफ बोलायची वेळ आली. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. बोट मांडीवरून जरासं उचललं गेलं, आणि परत खाली ठेवलं गेलं.

गाणं संपलं. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. मला ते सहन होईना, मी उठलो. डोळे न उघडता त्यानं दुसरा तळहात वर केला.

"बसा साहेब. साइड संपली नाय अजून."

अर्धा तास आम्ही चौघं त्या घरातल्या एका जुन्या दुपारचा मिक्सर ऐकत बसलो. कट्ट आवाज करून बटण वर आलं. त्यानं कॅसेट काढली, शर्टाला पुसली आणि मला म्हणाला, "टेप आज जरा वेगळा चालला. बेल्ट ढिला झाला असंल." आणि कॅसेट घेऊन आतल्या खोलीत गेला.

त्यानंतर काय झालं? काहीच नाही, तेच वाईट. तो दर रविवारी तीच कॅसेट लावायचा. बोट वर करायचा नाही, 'बोलला' म्हणायचा नाही. ऋतुजानं रॅप सोडलं. विचारलं की म्हणायची, "काका, माझा आवाज ऐकला तरी मला हनीफचाचाचा खून केल्यासारखं वाटतं." रविवारी ती घरी थांबायचीच नाही, लासूर स्टेशनला मावशीकडे जायची. कितीदा सांगायला म्हणून बापासमोर जाऊन उभी राहिली आणि पाणी देऊन परत आली. सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागणार होतं. असली गोष्ट ओरडून कशी सांगायची?

मी मधे पडायला हवं होतं. पडलो नाही.

या फेब्रुवारीत तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला, चहाला उठवायला गेले तर उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पिशोरहून माणसं आली, कारखान्यातली जुनी माणसं आली. त्यात हनीफचा मुलगाही होता. त्यानं खांदा दिला. आपल्या बापाच्या वेळी यांना येता आलं नव्हतं, एवढं एकच वाक्य तो माझ्याशी बोलला. कॉलनीच्या गणपतीत माइक न सोडणारा मी, त्याच्यासाठी पाणी आणायला गेलो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी समोर गेलो. सवयीनं पाय वळले. घर आवरायला काढलं होतं. ऋतुजा टेपपुढं बसली होती, हातात ती कॅसेट. रडून झालेलं होतं.

"काका, ही पण तुटली," ती म्हणाली. "शपथ, मी नाय तोडली. त्यांच्या उशीखाली होती, अशीच."

मी चष्मा चढवून पाहिली. कॅसेट धड होती. फक्त मागच्या कडेला दोन बारीक चौकोनी भोकं पडली होती, कडा स्क्रूड्रायव्हरनं घासून साफ केलेल्या. आणि तीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या कागदाच्या पट्टीवर बॉलपेननं, माझ्या रजिस्टरवर सही करायचा त्याच अक्षरात, लिहिलं होतं: ऋतू.

त्या टिकल्या कशासाठी असतात हे तिला माहीत नव्हतं. तिच्या वयाच्या कुणाला माहीत असणार? मी तिला सांगितलं. कान तोडले की बटण दबत नाही, वरून दुसरं कुणाला काही भरता येत नाही. आत जे आहे ते तसंच राहतं, शेवटपर्यंत. आपल्या सगळ्या कॅसेटींचे त्यानं तोडले होते, हिचे ठेवले होते, आणि नंतर कधीतरी हिचेही तोडले.

ती कॅसेटीकडे बघत राहिली. वहिनी दारात येऊन थांबल्या. आणि मग ऋतुजा एकदम, घरभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली,

"अहो काका, पण त्याच्यात माझं दोनदा चुकलंय!"