मागच्या खोलीतला कॉम्प्युटर

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. "आपोआप बंद पडतो हो" म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा प्लगच ढिला निघतो. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर राग नाही. मीही हसलो असतो.

माझं दुकान भोकरदनला. मागच्या उन्हाळ्यात हसनाबादहून फोटो स्टुडिओवाल्या काकूंचा फोन आला. "भाऊ, कॉम्प्युटर चालू व्हायला लई टाइम घेऊन राह्यलाय. गिऱ्हाईक उठून जातंय."

काकूंचे यजमान, आमचे अण्णा, दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. अण्णा मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर फोटो तयार करायचे, काकू पुढच्यावरून प्रिंट काढायच्या. दोन्ही वायरने जोडलेले. कुणी वारलं की लोक लग्नाच्या ग्रुप फोटोतला चेहरा घेऊन यायचे. अण्णा त्याला काळा कोट चढवून तेरवीच्या आत फ्रेम हातात द्यायचे. सगळ्यांना तोच कोट! पण स्वतःचा धड फोटो एकही नाही, कायम कॅमेऱ्याच्या मागे. जे काही असेल ते मागच्या कॉम्प्युटरमध्ये... आणि तो त्याच वर्षी पावसाळ्यात वीज पडून जळाला. हार्डडिस्क मीच तपासली होती. काही उरलं नव्हतं. अण्णांच्या फोटोसाठी काकूंनी भिंतीला खिळा ठोकलाय, तो तसाच रिकामा.

भर दुपारी पोचलो. कॉम्प्युटर लावला, तर सात मिनिटं नुसतं 'वेलकम'. दोष लगेच सापडला — नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मागच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह अजून जोडलेला. हा बिचारा रोज सुरू होताना आधी त्याला शोधायचा, वाट बघायचा, मग नाइलाजाने पुढे जायचा.

"मंग काढून टाका," काकू म्हणाल्या. जरा थांबून, "पण एकदा उघडून तर बघा."

"काकू, तिकडं कॉम्प्युटरच न्हाई. भंगारात गेल्ता ना?"

"तरी बी."

त्यांचं मन राखायला क्लिक केलं. ड्राइव्ह उघडला.

फोल्डरमागून फोल्डर... आणि सगळ्यात खाली नखाएवढा फोटो. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर अण्णा बसलेले. अंगात तोच काळा कोट.

काकूंनी पडद्यावर बोट टेकवलं. "हेच! भाऊ, जल्दी मोठा करा."

मी उठून आधी मागच्या खोलीत गेलो. वायरचं दुसरं टोक भिंतीवरून लोंबकळत होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं. खरं सांगतो, मी घाबरलो. परत आलो आणि विचार न करता पुढची वायर उपटली. ड्राइव्हवर लाल फुली आली, अण्णा गेले.

काकूंचं बोट अजून पडद्यावरच होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग वायर परत लावली, संध्याकाळपर्यंत दहा वेळा कॉम्प्युटर सुरू केला. ड्राइव्ह उघडला नाही. कुणी म्हणेल, पुढच्या कॉम्प्युटरमध्येच जुनी प्रत साठली असेल. तीही शोधली — नव्हती. ती सेटिंग मात्र काकूंनी काढू दिली नाही.

परवा विचारलं, "गिऱ्हाईक अजून उठून जातंय का?"

"जाऊ द्या. तो शोधतो तवर मी बसते न्," म्हणाल्या.

त्या दुपारी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं, भिंतीवरचा तो खिळा आता माझ्यामुळे रिकामा आहे.