नोव्हायच्या राजाची खोट

नाटक बसवायला घेतलं की तालमींपेक्षा किस्सेच जास्त जमतात. नोव्हाय या अमेरिकन गावातल्या आमच्या मराठी ग्रुपने गेल्या हिवाळ्यात केली ती प्राचीन ग्रीक थाटाची शोकांतिका होती, तरी तालमीहून आम्ही हसतच घरी जायचो.

*

नाटक लिहिलं आणि बसवलं सुलभाकाकूंनी. त्या पुण्यात कॉलेजमध्ये नाटक शिकवायच्या, आता इथे मुलाकडे असतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नायक दुष्ट नसतो. चांगलाच असतो. फक्त त्याच्यात एक खोट असते, आणि ती त्याला सोडून सगळ्यांना दिसते."

"अशा माणसाशी संसार करता येतो, काकू," रूपाली म्हणाली. ती कोरसची, म्हणजे राजाला सावध करणाऱ्या नगरजनांच्या समूहाची, प्रमुख. राजा होता तिचा नवरा, महेश.

*

महेश गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. भविष्यवाणीचा अर्थ लावताना राजाचं चुकलं, हेच त्याला पटेना. "काकू, भविष्यवाणीच क्लिअर नव्हती. हातात होता तेवढ्या डेटावर राजाचं डिसिजन बरोबर होतं."

"म्हणून तर तुला राजा केला," काकू म्हणाल्या.

*

एकदा स्नो पडत असताना महेशने शॉर्टकट घेतला आणि गाडी रुतली. दोघं तालमीला तासभर उशिरा पोचले. रूपाली म्हणाली, "मी सांगत होते, हायवेनेच चल."

काकूंनी स्क्रिप्ट मिटली. "कोरसने सांगायचं, राजाने ऐकायचं नाही. तालीम झालीच म्हणायची तुमची."

*

एका ब्रेकमध्ये चहा घेताना रूपाली माझ्याशी बोलली. अल्फारेटात, म्हणजे त्यांच्या आधीच्या गावी, तिचा जॉब छान चालला होता, मैत्रिणी होत्या. महेशने इथली ऑफर आधी घेतली आणि मग तिला सांगितलं.

"आता रुळलेय गं मी इथे. बरं चाललंय. फक्त, चुकलं माझं, असं एकदा म्हणाला असता तर."

*

शेवटच्या प्रवेशात राजा गुडघे टेकून म्हणतो, "चूक माझी होती." तालमीत महेश हे वाक्य भरभर उरकायचा. प्रयोगात मात्र सावकाश म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

यानंतर कोरसचा विलाप. पण रूपाली काही सुरूच करेना. मी प्रॉम्प्टर; विंगेतून तिला वाक्य सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"महाराज," ती म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. महेश उठला, प्रेक्षकांकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला.

पहिल्या रांगेतल्यांनासुद्धा ते ऐकू गेलं नाही.